मोगरी वासरीला जवळ घेत नाही

दारव्हा, सोमवार सकाळ

तीर्थस्वरूप मैनावहिनींना धाकटा दीर बाबाराव याचा नमस्कार (कागदावरच वाकतो, कंबर वाकत नाही, कारण पुढे येईल). आर्णीला तुमच्या आईंचा गुडघा आता कसा आहे? त्यांनाही नमस्कार सांगावा. इकडे सर्व ठीक आहे. दादा चार दिवसांपासून कापसाची गाडी घेऊन खरेदी केंद्राच्या रांगेत आहेत. अजून साठ गाड्या पुढे आहेत म्हणे. त्यामुळे घरी मी आणि तुमची मोगरी दोघेच होतो. काल सकाळपासून तिघे आहोत.

वासरी झाली, वहिनी. तांबूस, कपाळावर पांढरी टिकली. मोगरीने मागे वळून पाहिले आणि साप दिसल्यासारखी बिचकली. मग लाथ. पहिलारूच ती, तिला काय कळणार (मला तरी कुठे कळते). मी वासरीला पोत्याने पुसले, पाठीवर मीठ चोळले, वर सरकीच्या ढेपेचा चुरा टाकला, की चवीने तरी चाटेल. मोगरीने ढेप शेवटच्या कणापर्यंत चाटली आणि पुन्हा लाथ. गुरांचे डॉक्टर येऊन म्हणाले, कास सुजली, दुखते म्हणून पिऊ देत नाही. शेक द्या, पाय बांधून चीक काढा, दुपारच्या आत वासरीच्या पोटात गेलाच पाहिजे. सांगणे सोपे असते. पहिला तांब्या तिने उडवला, दुसऱ्यात पाय ठेवला (बांधलेलाच पाय, कसा सुटला देव जाणे). तिसऱ्यातला अर्धा मी बाटलीने पाजला. वासरीचे कान गार लागत होते. कापसावर लाल्या रोग पडला तेव्हा तुम्ही म्हणालात, "मले आता मोगरीचाच भरोसा हाय." ते आठवून मी बाटली पुन्हा वासरीच्या तोंडाला लावली.

आज सकाळी पुन्हा तेच. वासरीला उभे राहण्याचेही त्राण नव्हते. तेवढ्यात शेजारचा फकिरा त्याचे कुत्रे घेऊन आला.

"कुत्रं दाखव तिले. माय असंन तर आत्ताच समजते."

"अन् नसंन तर?"

"मंग तू हायेस ना."

कुत्र्याने वासरीकडे नाक केले मात्र, मोगरीने दावे तोडले. असे हंबरणे मी जन्मात ऐकले नव्हते. कुत्रे कुंपणावरून गेले, फकिरा त्याच्याही आधी. मी मधेच होतो, म्हणून शिंगे माझ्या वाट्याला आली (कंबर ती हीच). मग तिने वासरीला हुंगले आणि चाटायला लागली, कानापासून शेपटीपर्यंत. वासरी लटपटत उठली, कासेला लागली. मी रडलो, खोटे कायले सांगू? तेव्हा काळजी नसावी. घाईने येऊ नका, आईंची सेवा करा.

तुमचा,
बाबाराव

ता.क. रडलो तो कडब्याच्या गंजीवर बसून. अजून तिथेच आहे. खाली पाय टाकला की मोगरी शिंगे रोखून येते. कागद आणि पेन फकिराने बांबूला बांधून वर दिले.

पुन्हा ता.क. घाई करू नका असे लिहिले, ते खोडावे. ती फक्त तुमचेच ऐकते. जीपवाला हरिसिंग हे पत्र घेऊन येत आहे, त्याच्याच जीपने परत या.

आणखी एक. येताना चार पोळ्या बांधून आणा. इथे वर नुसता कडबा आहे.