वासराच्या नाकातला नमुना

मखमलाबाद, नाशिक
फेब्रुवारी २००४

तीर्थरूप रंगनाथमामांना शेखरचा दंडवत.

थंडीने तुमचे गुडघे कुरकुरत असतील आणि त्यावरून मामी तुम्हाला बोलत असतील, म्हणजे सटाण्याला सगळं ठीक आहे असं धरून चालतो. आमच्याकडे माणसं बरी आहेत. गोठा मात्र पार झोपला होता. वासरांना पाण्यासारखे जुलाब, गाईंना खोकला आणि नाकाला धार. एक वासरू गेलं. दुसऱ्याने मान टाकली, तेव्हा आईने (तुमचीच बहीण, जास्त काय सांगू) निदान केलं की ही शेजारच्या चिमाजीची नजर. त्याने म्हणे वासराला गुबगुबीत म्हटलं होतं. हे ऐकून चिमाजीने त्याच्या विहिरीवरून आम्हाला मिळणारं पाणीच तोडलं.

अशात जनावरांच्या दवाखान्यात नव्याने आलेल्या डॉक्टर दीपमाला लूनावरून आल्या. अंगाने एवढ्याशा, की आईने त्यांना आधी कंपाउंडर समजून पाणीसुद्धा विचारलं नाही. पण बाईंनी पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि लांब काडीवरचा कापूस वासराच्या नाकात घातला. वासरू त्यांच्या चष्म्यावर सणसणीत शिंकलं. "शाब्बास!" म्हणाल्या. (वासराला. मी मागचे पाय धरून लाथा खात होतो, मला नाही.) मग पातळ शेण बाटलीत भरलं. आईने नजरेचा विषय काढलाच. तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "आजी, त्यांचे डोळे तपासायचे तर माणसांच्या दवाखान्यात न्या. मला आधी विषाणू बघू दे."

नमुने बर्फात ठेवून पुण्याच्या प्रयोगशाळेत न्यायचे होते. ते काम माझ्याकडे आलं. एसटीत मांडीवरचा डबा बघून कंडक्टरने विचारलं, "आइस्क्रीम काय?" मी खरं ते सांगितलं. संगमनेरपर्यंत अख्खं बाकडं मला एकट्याला मिळालं.

निकाल आला. जुलाबाचा विषाणू वेगळा आणि खोकल्याचा वेगळा, दोन्ही एकदम घुसलेले. विषाणूवर जंतू मारायची इंजेक्शनं चालत नाहीत, हे बाईंनी आईला न चिडता पुन्हा पुन्हा समजावलं. आजारी वासरं वेगळी बांधली, मीठ-साखरेचं पाणी बाटलीने पाजलं. मान टाकलेल्या वासराजवळ तर त्या स्वतः बसून राहिल्या. ते उठलं आणि आधी त्यांची ओढणी चघळायला लागलं. मामा, डोळ्यांत पाणी आलं हो. व्यालेल्या गाईचं पहिलं दूध आता वासरालाच, असा हुकूम आहे, त्यामुळे घरात खरवस बंद. आईने तोही मानला. स्वतः चिमाजीच्या दारात जाऊन म्हणाली, "भाऊ, चुकलंच माझं." पाणी सुरू झालं.

मामींना नमस्कार.

तुमचा,
शेखर

ता. क. मुख्य राहिलंच. खोकला आमच्याकडे आला कुठून, हेही बाईंनी शोधलं. दिवाळीनंतर तुम्ही पसंत करून दिलेल्या गाईच्या रक्तात त्याची खूण सापडली. जनावर वरून ठणठणीत दिसतं, पण विषाणू आत दबून राहतो म्हणे. तिची बहीण तुमच्या दावणीला आहे आणि ती तुम्ही देवळ्याच्या पाहुण्यांना विकताय असं कळलं. हात जोडतो, तपासल्याशिवाय विकू नका.

आणखी एक. तुम्ही नाहीच म्हणणार, म्हणून हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. ज्यांनी ते आत्ता तुमच्या हातात दिलं, त्याच डॉक्टर दीपमाला. त्यांना आधी पाणी विचारा, आणि मागचे पाय तुम्ही धरा.