ओप्सियाला माहेरी आणण्याची मोहीम

१ मार्च. बायकांचा सण.
सकाळपासून डोकं उठलं आहे. आज नवऱ्यांनी बायकांना भेटी द्यायच्या आणि मालकिणींनी दासींना स्वतःच्या हाताने वाढायचं. ही प्रथा कुणी काढली कोण जाणे. मी पेटिलियाला हस्तिदंती फणी दिली. तिने उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, ही माझीच आहे, गेल्या आठवड्यात पेटीतून नाहीशी झाली होती. दासी हसल्या. मग तिने त्यांना चण्याची आमटी वाढली आणि एकीच्या ताटलीतला घास स्वतः खाल्ला. शिसारी आली. उठून गेलो. (परत आलो. जेवण तिथेच होतं.)
निश्चय: उद्यापासून या घरात कर्ता पुरुष कोण, ते दिसलं पाहिजे.

४ मार्च.
मधले दोन दिवस वेळ मिळाला नाही. आज दाखवलं.
घराच्या पुढच्या अंगाला पेटिलियाचा कपडे धुण्याचा कारखाना आहे. तिच्या वडिलांनी तिच्या नावाने ठेवलेला. निम्म्या पुतेओली शहराचे अंगावर गुंडाळायचे टोगे इथे येतात आणि मुतात तुडवून पांढरेशुभ्र होऊन जातात. त्या मुतासाठी तिने गल्लीच्या तोंडाशी मडकी मांडली आहेत. येणारेजाणारे रांगेत उभे राहून भरतात. मी, न्यूमेरियस ओप्सियस, रोज त्या रांगेसमोरून घरात शिरतो. आज खडसावून सांगितलं, मडकी हलव. तिने ऐकून घेतलं. दुपारी एक मडकं वाढलं होतं. म्हणाली, सणानंतर कपडे जास्त येतात. माझा मुद्दा तिला कळलेलाच नाही.

७ मार्च. स्नानगृहातून आल्यावर.
मोठी बातमी. गरम हौदात व्हेराटियस शेजारी येऊन बसला. नगरसभेतला वजनदार माणूस. वय एकसष्ट, दात चार, तीन बायका पोचवलेल्या. अंगावरचं तेल आणि मळ पाण्यावर तरंगत माझ्याकडे येत होतं. म्हणाला, तुमची लेक ओप्सिया त्या मासेवाल्याकडे वाया चालली आहे. मला द्या. सभेत एक जागा रिकामी होते आहे, तुमचं नाव सुचवतो.
बोलताना त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मऊ होता. सहन केला.

८ मार्च.
पेटिलियाला निर्णय कळवला. कायदा पूर्ण माझ्या बाजूने आहे. ओप्सिया लग्न होऊन गावियसच्या घरी गेली, पण आजकालच्या रीतीप्रमाणे मुलगी कायद्याने बापाचीच राहते. बाप म्हणेल तेव्हा लग्न मोडतं.
पेटिलियाच्या हातात ओली चादर होती. तिने एक टोक मला धरायला दिलं आणि पिळायला लावलं. मग विचारलं, आपलं लग्न कोणत्या रीतीचं? म्हटलं, याच रीतीचं. तिने पुढे विचारलं, मग माझे वडील कुठे आहेत? म्हटलं, हे काय विचारणं झालं, वारले, नऊ वर्षं झाली. ती म्हणाली, हं.
बोलता बोलता मुद्दा सोडायचा, ही बायकांची खोडच.

९ मार्च.
गावियसच्या घरी गेलो. हा माणूस माशांची आतडी मिठात घालून उन्हात कुजवतो, वरचा रस गाळून विकतो, आणि सगळं शहर तो जेवणावर ओतून खातं. मीही खातो, पण मी तो होताना बघत नाही. अंगणात हौद उघडे. ओप्सिया वस्त्र खोचून काठीने ढवळत होती. पोट पुढे आलेलं, कोपरापर्यंत खवले चिकटलेले. नाकाला कपडा लावून मी निर्णय सांगितला. ती हसली. मी हसत नाही हे बघून थांबली आणि पुन्हा ढवळायला लागली.
गावियसने बसायला पाट दिला. तोही ओला.

११ मार्च.
ओप्सिया पोटुशी असल्याचं व्हेराटियसला सांगावं लागलं. वाटलं होतं बिनसेल. उलट खूश झाला. म्हणाला, आधीच्या तिघींना झालं नाही, हिला होतं हे तरी कळलं. पोर झालं की मासेवाल्याला देऊन टाकू. बाजारात गाढवीचं तोंड उघडून बघतात तसा बोलत होता.
मी मध्येच उठून बाहेर आलो. स्नानगृहात विकायला येणारी ती तळलेली सॉसेजं खाऊ नयेत.

१३ मार्च.
नियमाप्रमाणे निरोप्या पाठवला. वाक्य ठरलेलं असतं: तुझ्या वस्तू तुझ्याकडे ठेव. मुलीच्या वतीने बापाने हे कळवलं की लग्न संपलं. काम पक्कं.
संध्याकाळी निरोप्या हातात रसाची बरणी घेऊन परतला. गावियसने माझी शिडी नेलेली आहे. ती त्याला ठेवायला सांगितली असं तो समजला, आणि आभार म्हणून ही बरणी.
अशा अडाण्याच्या घरात मुलगी ठेवायची नाही.

१७ मार्च.
भाड्याची पालखी घेऊन स्वतः गेलो. गल्ली जमली. ओप्सिया येऊन उंबऱ्यावर बसली. पाय सुजले होते तिचे. मी मोठ्या आवाजात कायदा सांगितला. तिने शेवटपर्यंत ऐकला.
मग म्हणाली, "बाबा, मी तुमची आहे ना? मग मला कितवा महिना चालू आहे?"
म्हटलं, पाचवा.
मागून गावियस हळूच म्हणाला, "सहावा."
"त्या म्हाताऱ्याला तुम्ही आंघोळ करताना पाहिलंय," ती म्हणाली. "त्याच्या शेजारी मी जन्मभर निजावं असं वाटतं तुम्हाला?"
प्रश्न असभ्य होता. मुलीने बापाला असं विचारू नये. उत्तर दिलं नाही. सुचलं नाही असं नाही. म्हणजे, सुचलं नाही, पण सुचलं असतं तरी दिलं नसतं.
पालखी रिकामी नेणं बरं दिसत नाही म्हणून मीच बसून परतलो. लोकांनी वाट करून दिली. अजून मान आहे.

२० मार्च.
आता सरळ न्यायाधीश. मुलगी ताब्यात मिळावी म्हणून रीतसर अर्ज केला. सुनावणी दोन एप्रिलला. घरी येऊन सांगितलं. पेटिलियाने फक्त एवढंच विचारलं, खरंच केलात? मी म्हटलं, केला. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. घाबरली आहे.

२२ मार्च.
लिहायची इच्छा नाही, पण नोंद असावी.
सकाळी पेटिलियाने मला कारखान्यात बोलावलं. कपडे तुडवणाऱ्या बायका तुडवायच्या थांबल्या होत्या. सातआठ शेजारी साक्षीला. मी समजलो, माफी मागणार. मोठेपणाने मान हलवायची तयारी ठेवली होती.
"न्यूमेरियस ओप्सियस," ती म्हणाली. एकोणतीस वर्षांत पूर्ण नाव पहिल्यांदाच. "तुमच्या वस्तू तुमच्याकडे ठेवा."
मी म्हटलं, हे वाक्य नवऱ्याने म्हणायचं असतं.
"दोघांपैकी कोणीही म्हणावं. वडील गेले, आता मी माझ्याच ताब्यात. मुलीला मी अंगावर पाजलंय. तिला हौदातल्या म्हाताऱ्याला द्यायला निघालेला माणूस मला घरात नको."
घर तिच्या वडिलांचं, म्हणजे आता तिचं. माझ्या वस्तू एका टोपलीत मावल्या. टोपली तिची आहे, रिकामी झाली की पाठवा, म्हणाली.
हा निव्वळ डावपेच आहे. दोन दिवसांत बोलावणं येईल.

२४ मार्च.
बोलावणं अजून नाही. देवळाच्या पायऱ्यांवर मुक्काम. कबुतरांनी टोग्याचा सत्यानाश केला.
व्हेराटियसकडे तीनदा गेलो. द्वारपाल म्हणतो, मालक झोपलेत. आज कळलं, मालक झोपले नव्हते. सुगंधी तेल लावून, माळ घालून पेटिलियाला मागणी घालायला गेले होते. नवऱ्यापासून सुटी झालेली बाई, वर चालता कारखाना. तिने त्याला मडक्यांच्या रांगेत उभं केलं, म्हणाली तेवढाच तुमचा उपयोग.
सभेतली जागा त्याच्या भाच्याला मिळाली.
या शहरातल्या पुरुषांची किळस येते.

२६ मार्च.
गावियस पायऱ्यांशी आला. फार आग्रह केला, घरी चला म्हणून. (एकदाच म्हणाला, पण आवाजात आग्रह होता.) ओप्सियाची एक अट. सारासार विचार करून मी मोठ्या मनाने अर्ज मागे घेतला. तसाही न्यायाधीश नालायक आहे.
हौदांमागची खोली दिली आहे. भिंतींनाही वास. जावयावर लक्ष ठेवायला जागा उत्तम.

१९ एप्रिल.
रस गाळायला गावियसला माणूस कमी होता. देखरेख केली. काठी हातात धरूनच देखरेख करावी लागते.
पेटिलियाचं बोलावणं नाही. तिला थोडा वेळ दिला पाहिजे.

११ जून. दुपार.
पहाटे ओप्सियाला कळा लागल्या. पेटिलिया सुईणीला घेऊन आली. मला म्हणाली, दारातून बाजूला व्हा. अडीच महिन्यांनी पहिलं वाक्य.
सूर्य वर आल्यावर सुटली. मुलगी. पोर जमिनीवर ठेवतात, बापाने उचललं की ते घरचं. या प्रसंगी घरातल्या वडील पुरुषाने दोन शब्द बोलावेत म्हणून मी तयारी केली होती. खाकरलो. तेवढ्यात गावियसने पोर उचललंसुद्धा, आणि रडायला लागला. सगळ्यांसमोर. वाहतं नाक तसंच.
मग सगळ्या बायका ओप्सियाकडे, गावियस पाणी आणायला. पेटिलियाने इकडेतिकडे पाहिलं, दुसरं कोणी नव्हतं. "धरा," म्हणाली.
लाल, सुरकुतलेली, डोक्याला काहीतरी चिकट लागलेलं. मी आयुष्यात इतकं ओंगळ काही हातात धरलेलं नाही. ओप्सियाच्या वेळी धरलं होतं का, आठवत नाही. या पोरीने माझं बोट पकडलं आणि सोडेना. बराच वेळ तसाच उभा राहिलो. आजोबाने उचलण्याला कायद्यात काही किंमत नाही.
पेटिलिया परत आली, तेव्हा वाटलं, हीच वेळ. शांतपणे सांगितलं की झालं गेलं मी विसरलो आहे, आज घरी येतो.
"कोणाच्या?" तिने विचारलं. चिडून नाही. खरंच विचारत होती.
विचार करून सांगतो म्हटलं.
तिने मुलगी घेतली आणि आत गेली. माझे हात अजून तसेच धरलेले आहेत, हे गावियस पाण्याची घागर घेऊन आला तेव्हा लक्षात आलं.