बाहेर कोणीही वापरत नाही

१४ नोव्हेंबर, सकाळचे सव्वादहा.
संगणकाचं नवं कर्नेल, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी चालणारा गाभा, बांधायला लावलं आहे. ते होईपर्यंत लिहितो आहे.

ती. दादा,

नमस्कार. घरी सगळे ठीक. रविवारी तू येऊन गेलास तेव्हापासून आईचा गुडघाही बरा आहे. भाचा आला की आत्याचं दुखणं पळतं. मुलगा काय, रोजच समोर असतो.

आपलं मॉड्यूल, तू लिहिलेला तो कर्नेलला जोडायचा छोटा प्रोग्राम, चालतं आहे. म्हणजे परवापर्यंत चालत होतं. वाचनालयातले सगळे संगणक त्यावरच आहेत. खाली मूळ फाइलींचा थर, वर कोरा थर. लोक दिवसभर वरच्यावर खरडतात, संध्याकाळी तो टाकून दिला की सकाळी यंत्र पुन्हा स्वच्छ. तू कंपनीत नोकरीला लागलास तेव्हा मला म्हणालास, "आता हे तुझं. दर नव्या कर्नेलला कुठेतरी कुरकुरेल, तेवढं बघ." बघतो आहे. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या मला ग्रंथपालबाईंनी ठेवलं, ते त्याच जोरावर.

या वेळी नुसती कुरकुर नव्हती. कर्नेलमधलं जे फंक्शन, ठरावीक काम करून देणारा तुकडा, आपण बोलावतो, ते बाहेरच्या, म्हणजे कर्नेलसोबत न येणाऱ्या मॉड्यूलांना बंदच केलं आहे. आधी वाटलं, माझंच काही चुकलं. पुन्हा पुन्हा तपासलं. मग कर्नेलच्या बदलांची सगळ्यांना खुली असलेली नोंद उघडून तो बदल कुणी केला, ते पाहिलं.

ईमेलचा पत्ता तुझ्या कंपनीचा, नाव तुझं. खाली कारण: "बाहेर हे कोणीही वापरत नाही."

साहेबांनी सांगितलं असेल. ते उघडं ठेवणं धोक्याचंही असेल. पण दादा, तो बदल महिन्यापूर्वीचा आहे. रविवारी तू आमच्याकडे जेवलास, आईने आग्रह केला तसं पुन्हा वाढून घेतलंस, आणि हात पुसत मला विचारलंस, "काय रे, मॉड्यूल काय म्हणतंय?" मी उत्साहाने सांगत बसलो. तू मान डोलावत होतास.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, तयार मिळतं ते विकत घेऊ. मग माझं काय, हा विषय त्यांनी काढला नाही, मीही विचारलं नाही.

बांधून झालं आत्ता. ते फंक्शन मी माझ्या परीने पुन्हा लिहिलं आहे. मॉड्यूल उभं राहतं, पण वरच्या थरात पुसलेल्या फाइली खालून परत दिसतात.

आईला काही सांगितलेलं नाही. मॉड्यूलच्या पहिल्या ओळीत तुझं नाव आहे, तेही काढणार नाही. तू एवढंच कर. तो बदल जिथे पाठवलास, तिथेच लिही, "बाहेर एक जण वापरतो, आणि ते मला ठाऊक होतं."

बाहेरून,
धाकटा