देवळातला असोला नारळ

१४ जाने.
खाणकंपनीची सभा, देवळाच्या मंडपात. डोंगरावरची बंद खाण पुन्हा सुरू करायचीय, गावाचं म्हणणं ऐकायचंय म्हणे. माझं म्हणणं एकच. त्याच डोंगराच्या पोटातून झर येते, तिच्यावर आमची बाग, आमचं कुळागर. झर आटली की माडपोफळी गेल्या. बोलायचं ठरवूनच गेले होते. पण कंपनीची नवी मुलगी, मेघना, कोल्हापूरकडची, तिने सुरुवातीलाच नारळ फोडला. झालं. माणसं चहा पिऊन उठली. साहेब खूश, कुणाचीच हरकत नाही म्हणून.

१५ जाने.
मेघना दारात, एकटीच. "काकू, काल काय चुकलं ओ माझं?" मी काही सांगणार नव्हते. भिकूदादा गावकर ओसरीवर बसले होते, त्यांना राहवेना. "बाये, हांगा नाल्ल आदीं दवरतात. उलोवप सोंपलें काय मागीर फोडटात." इथं नारळ आधी नुसता ठेवतात, बोलणं संपलं की फोडतात. फोडला म्हणजे ठरलं. मग बोलायचं कशाला? पोरीचा चेहरा उतरला.

१७ जाने.
तिने देवापुढे नारळ आणून ठेवला. तोही असोला, सोललेलासुद्धा नाही. पुजाऱ्याला हसू आवरेना. "गाव बोलेपर्यंत याला हात लावायचा नाही," म्हणाली. बघू.

२ फेब्रु.
घरोघर फिरतेय. झरीवरही येते. आज चपला काढून चिखलात उतरली, पाणी कुठून फुटतं ते बघायला. हे म्हणतात, गोड बोलायचाच पगार मिळतो तिला. असेलही. पण मला आवडायला लागलीय, काय करू.

२० फेब्रु.
दुसरी सभा. आज नारळ फोडला नाही. बोलले एकदाची. "झर राहील का, एवढंच सांगा." साहेब म्हणाले, काही होणार नाही. तर मेघना उठली, त्यांच्या देखत. "काकू, मला माहीत नाही. आमच्यात कुणालाच नाही. भर उन्हाळ्यात ती झर आम्ही बघितलेलीच नाही. आधी बघू दे, मग विचारा."
इतकी वर्षं कंपनीची माणसं येतात. 'माहीत नाही' आज पहिल्यांदा ऐकलं. अभिमान वाटला, माझीच लेक असल्यासारखा. साहेब उन्हाळ्यापर्यंत थांबतो म्हणाले. तोंडी.

११ एप्रिल
मेघना बरेच दिवस फिरकली नाही. बदली केली वाटतं, म्हणून फोन केला. "इथंच आहे ओ काकू. ऑफिसात बोलणी खातेय." हसली, पण...

१८ मे
आली. बराच वेळ झरीवर बसून राहिली. पाणी आहे, धार बारीक. कंपनीचं उत्तर अजून नाही, खोटा धीरही तिने दिला नाही.
देवळात गेलो तर नारळाला कोंब. पुजारी म्हणतो, आता हा फोडू कसो?
"मग लावायचा कुठं?" मेघनाने विचारलं. भिकूदादा माझ्याकडे बघायला लागले.
"आमच्या कुळागरात," मी म्हटलं. "झर राहिली तर जगेल."
नारळ अजून देवापुढेच आहे.