काळी आत, ठिपकी बाहेर

बाबा, तुमच्या नातीने घरात कुत्र्याची दोन पिल्लं आणली आहेत. एकाच आईची, दोन्ही माद्या. मी एकालाही नको म्हणत होते, तर तिने दोन आणली. का, तर एकटीला करमणार नाही. अगदी तुमचंच बोलणं. तिने तुम्हांला पाहिलेलंसुद्धा नाही. आता पिल्लं पाचेक महिन्यांची झाली आहेत आणि एकमेकींच्या जिवावर उठली आहेत. शिकवायला येणारा मुलगा म्हणतो, काकू, सध्या दोघींना समोरासमोर येऊच द्यायचं नाही, आळीपाळीने सोडायचं. लेक-जावई कामावर जातात आणि मी निवृत्त बाई बेडरूमचं दार आणि गॅलरीचं दार यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसते. एकीला आत घेते, कडी लावते, दुसरीला सोडते. गुडघे बोलायला लागले आहेत. कंटाळा आलाय, बाबा. आणि या कंटाळ्यात तुम्ही रोज इतके आठवता की आज सरळ लिहायलाच बसले.

नेरुळला आपण राहायला आलो तेव्हा तिथे घरं होती, माणसं नव्हती. भरावाची लाल माती, एकसारख्या बैठ्या घरांच्या रांगा, आणि दिवस कलला की खाडीच्या बाजूने कोल्ह्यांचं ओरडणं. आई परळच्या चाळीतून आलेली. तिथे वाटी घेऊन शेजारी गेलं की साखरेबरोबर चार गोष्टी मिळायच्या. इथे शेजारच्या घरांना कुलपं. तुम्ही मात्र खूश होतात. 'आपला दरवाजा,' म्हणायचात, 'आत आलं, कडी घातली, कुणाचा संबंध नाय.' कारखाना जवळ, कंपनीची बस कोपऱ्यावर, मागे कपडे वाळत घालण्यापुरतं अंगण. चाळीतली खोली सोडल्याबद्दल आईने तुम्हांला कधी माफ केलं नाही. चहा पांचट झाला, रॉकेल संपलं, विषय काहीही असो, भांडण फिरून त्या खोलीवर यायचंच. वेगवेगळे भेटलात तर तुम्ही दोघंही किती चांगले होतात! तुम्ही मला खांद्यावर बसवून भरावावर पतंग उडवायला न्यायचात. आई मशीनवर शाळांचे गणवेश शिवता शिवता मला राक्षसांच्या गोष्टी सांगायची, तिच्या राक्षसालाही भूक लागायची आणि सर्दी व्हायची. पण दोघं एका खोलीत आलात की संपलं.

शेजारच्या बंद घरातली तांब्याची भांडी चोरीला गेली, तेव्हा कुत्रं पाळायचं ठरलं. जवळच्या शिरवणे गावात राहणाऱ्या, कारखान्यातल्या तुमच्या जोडीदाराकडून तुम्ही कॅनव्हासच्या पिशवीतून पिल्लं आणलीत. पिशवी उपडी केली आणि एकाऐवजी दोन बाहेर पडली. एक नखापर्यंत काळी, दुसरी पांढरी, अंगावर तपकिरी ठिपके.

"दोन कशाला?" आईने मशीन थांबवून विचारलं.

"प्लँटवर कधी एकटा माणूस ठेवत नाय. एकाला काय झालं तर दुसरा बघतो. जोडी पायजे."

"हा काय प्लँट आहे?"

"घर आहे. घराला तर पायजेच."

पहिले दोन महिने तुमचंच खरं होतं. एकमेकींच्या पोटात तोंड खुपसून झोपायच्या. मग हळूहळू खेळातला आवाज कमी झाला. खेळताना पिल्लं किती गोंगाट करतात! खरी भांडताना ती गप्प होतात, हे मी तेव्हा शिकले. ठिपकी दारात आडवी पडायची आणि काळी आत यायला लागली की मान ताठ करून नुसती बघायची. तेवढंच पुरायचं. मशीनच्या पायथ्याची सावली, तुमच्या चपला, तुम्ही कामावरून आल्यावर पहिल्यांदा कुणाच्या डोक्यावर हात ठेवता, एवढ्यावरून रक्त निघायचं. आईने गुरगुरणारीला लाटण्याने रट्टे दिले, तर ती गुरगुरायची थांबली आणि न सांगता चावायला लागली. मग आई म्हणाली, एका ताटात जेवली की माया वाढते, लहानपणी आम्ही बहिणी तशाच जेवलो. तिने परातीत भाकरी कुस्करली, वर ताक ओतलं आणि दोघींना समोरासमोर बसवलं. ती परात उडून भिंतीवर आदळली. काळीचा कान फाटला आणि शिवून ठेवलेल्या पांढऱ्या सदऱ्यांवर लाल थेंब उडाले. आई सदरे धूत बसली आणि धुता धुता तुमचा उद्धार करत राहिली.

शिरवण्याहून मासळीवाली यायची ना, पाटी उतरवून घटकाभर पायरीवर टेकणारी, तिने त्याच आठवड्यात तो फाटका कान पाहिला. म्हणाली, "बाय, दोनी मादया, एका आयशीच्या. एका घरान नाय नांदाच्या. एक मना दे. आमच्या गावान मोप जागा हाय."

आई लगेच तयार झाली. ठिपकीच्या गळ्यात दोरीसुद्धा अडकवली. तुम्ही आंघोळ करून बाहेर आलात, ओल्या अंगाने पायरीपर्यंत गेलात आणि ती दोरी सोडलीत. "या घरातनं कुणाला काढायचं नाय," तुम्ही म्हणालात. मासळीवालीला नव्हे, आईलाही नव्हे, दोरीकडे बघून म्हणालात. पुढे कधीतरी आईनेच मला सांगितलं, की तुमचं आणि थोरल्या काकांचं लहानपणी पटत नव्हतं म्हणून तुम्हांला चुलत्याकडे धाडलं होतं. आपल्याच घरी गावाला उन्हाळ्यात पाहुण्यासारखे जायचात म्हणे. तुम्ही स्वतः याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. मी विचारायला हवं होतं का, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही घरात शिफ्ट लावलीत. ऐकून आई कपाळावर हात मारून हसली. हसली हे मला पक्कं आठवतं, कारण ते दुर्मिळ होतं. सकाळी काळी घरात, ठिपकी मागच्या अंगणात. दुपारी बदली. चार्ज द्यायची रीतही तुम्ही घालून दिलीत: आधी आतलीला पुढच्या दाराने बाहेर घ्यायचं, मग मागची कडी काढून बाहेरचीला आत, मग कडी, मग पहिलीला घराला वळसा घालून अंगणात. दोघींची तोंडं एकमेकींना दिसता कामा नयेत. आणि या सगळ्याआधी स्टीलची वाटी चमच्याने वाजवायची, तो भोंगा. तुम्ही कामावर असाल तेव्हा कडी माझ्याकडे. मी ओरडायचे, "काळी आत, ठिपकी बाहेर!" आणि आई मशीनवरून पाय उचलून वाट द्यायची. गंमत अशी की त्या दोघी सुधारल्या. एकट्या असल्या की लोळायच्या, पोट दाखवायच्या, पाहुण्यांची बोटं चाटायच्या. लोक म्हणायचे, काय गुणी कुत्री आहे हो तुमची. कितीतरी जणांना आपल्याकडे दोन आहेत हेच माहीत नव्हतं.

एक दुपार मात्र विसरता येत नाही. तुमची पहिली पाळी होती, म्हणजे दुपारी तुम्ही घरात. कुत्र्यांची बदली अजून व्हायची होती. मी शाळेतून येते तर पायरीवरूनच आवाज ऐकू येतोय. आई म्हणतेय, मला परत माझ्या माणसांत नेऊन सोडा. तुम्ही म्हणताय, जा, धरलंय कुणी? असं कुणी कुणाला म्हणतं का, बाबा? आणि रागारागाने तुम्ही मागचं दार उघडून अंगणात जाता. कडी तशीच. मला ती उघडी कडी दिसते, पण ओरडेपर्यंत उशीर होतो. ठिपकी आत शिरते आणि दोघी मशीनखाली एकमेकींना भिडतात. आवाज नाही. नुसतं मशीन थरथरतंय. तुम्ही धावत येऊन दोघींच्या मध्ये हात घालता, आई बादलीभर पाणी ओतते, मी दप्तर पुढे धरून उभी. सुटतात तेव्हा ठिपकीच्या मानेला मोठी जखम आणि तुमच्या तळहातातून रक्त. कुणी चावलं ते कळलंच नाही. मग तुम्ही जमिनीवर मांडी घातलीत. आईने ठिपकीचं तोंड आपल्या काखेत धरलं, तुम्ही जखमेत हळद भरलीत, आईने गणवेशाची पट्टी फाडून दिली, तुम्ही बांधलीत, मग तिने तुमचा हात बांधला. तुम्हा दोघांची डोकी इतकी जवळ मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. मला वाटलं, आता सगळं ठीक होईल.

पुढच्या आठवड्यापासून तुम्हांला सेकंड शिफ्ट लागली आणि लागतच राहिली. मी शाळेतून यायच्या सुमारास तुम्ही बसकडे निघालेले असायचात आणि परत यायचात तेव्हा आम्ही झोपलेल्या. सकाळी आई गणवेश पोचवायला जायची, तेव्हा तुम्ही उठायचात. आईने विचारलं की म्हणायचात, "साहेब ऐकत नाय. काय करू?" आई त्या साहेबाला वर्षानुवर्षं शिव्या घालत राहिली. संक्रांतीला तिळगूळसुद्धा पाठवायचा नाही म्हणाली त्याला. घर शांत झालं.

मग तुमच्या निवृत्तीचा समारंभ. मी तेव्हा कॉलेजात. कँटीनमध्ये खुर्च्या मांडलेल्या, आई नव्या साडीत अवघडून बसलेली. तुमचा तो शिरवण्याचा जोडीदार बोलायला उभा राहिला. "सेकंड शिफ्ट कुनाला पायजे असते? संध्याकाळी पोरंबाळं घरी असतात," तो म्हणाला. "पन हा मानूस आपनहून मागून घ्याचा. साहेब सांगून थकले, बदलून घ्या, आता वय झालं. पन नाय. दे तुजी, मी करतो, म्हनाचा. असा मानूस परत होनार नाय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही गळ्यातल्या हाराकडे बघत होतात. परतताना बसमध्ये आई खिडकीशी होती. साडीच्या निऱ्या सारख्या करत मला म्हणाली, "मला वाटायचं, तो साहेबच मेला वाईट आहे." तुमच्याशी ती याबद्दल कधी बोलली का? मला वाटतं, नसावी. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं चहावरून भांडलात, नेहमीसारखे.

आणि त्या दुपारी जेवण झाल्यावर तुम्ही काळीला दोरी लावलीत आणि कोपऱ्यावरच्या बसथांब्याच्या कठड्यावर जाऊन बसलात, अंधार पडेपर्यंत. मग रोजच. कंपनीची बस यायची, ओळखीचे हात हलवायचे, बस जायची, तुम्ही बसलेले. काही दिवसांनी आई तुम्हांला डबा द्यायला लागली. निवृत्त माणसाला, दोनशे पावलांवर बसायला जाताना, पोळीभाजीचा डबा! शेजारणीने विचारलं तर म्हणायची, "सेकंडला गेलेत." मी त्यावर हसायचे. आता हसू येत नाही. तेवढंच प्रेम तुम्हा दोघांना जमत होतं आणि ते तुम्ही दोघांनी निगुतीने केलंत, असं आता वाटतं. पण थकायला होतं हो, बाबा, बघणाऱ्यालाही थकायला होतं.

काळी तुमच्याआधी गेली. तुमच्यानंतर घर ठिपकीला सगळं मोकळं होतं, पुढचं दार, मागचं दार, मशीनखालची सावली. तरी ती म्हातारी दुपारपर्यंत अंगणातच बसून राहायची. आई वाटी वाजवायची तेव्हा कुठे आत यायची, आणि येताना दारात थांबून आत कुणी आहे का बघायची.

काल लेकीने मला विचारलं, "आई, असं किती दिवस करायचं? आजोबांनी किती दिवस केलं?" मी म्हणाले, जन्मभर. तिला वाटलं मी कौतुकाने सांगते आहे. मग मी तिला सांगितलं, की एक देऊन टाक. तिच्या ऑफिसातल्या मुलीचं करावे गावात घर आहे, पुढे अंगण, घरात दुसरं कुत्रं नाही, ती कधीची मागते आहे. लेक रडली. "आजोबांनी तर दोन्ही ठेवल्या होत्या ना?" मी म्हणाले, "ठेवल्या होत्या. म्हणूनच सांगते." तुम्ही आपल्या घरातून कुणालाही काढलं नाहीत, बाबा, खरं आहे ते. पण आपल्या घरात कुणाच्याही वाट्याला पूर्ण घर आलं नाही. ना त्या दोघींच्या, ना आईच्या, ना तुमच्या. तुम्हांला हे आवडणार नाही हे मला ठाऊक आहे. दोरी तुम्ही याही वेळी सोडली असतीत.

मध्ये लिहिणं थांबवलं, कारण दुपारी ती मुलगी लेकीबरोबर आली आणि पिल्लू घेऊन गेली. हे पत्र कुठे टाकणार? आईच्या मशीनच्या खणात राहील, बॉबिनच्या डब्याखाली. एक तेवढं सांगायचं राहिलं. तुम्ही सेकंड शिफ्टला गेलात की मला बरं वाटायचं. आई मोकळी व्हायची, गुणगुणायची, आमचं जेवण भांडणाशिवाय व्हायचं. सुट्टी असली की तुम्ही बसमध्ये चढताना मी पायरीवरून हात हलवायचे, तुम्हांला वाटायचं पोरीचा जीव आहे. जीव होताच. पण 'जा' असंही त्यात असायचं, आणि तुम्हांला ते कळत असावं. आज पिल्लाला गाडीत ठेवलं तेव्हा ते मागच्या काचेतून माझ्याकडे बघत होतं. लेक म्हणाली, "आई, हात हलव ना." मला हलवता आला नाही.