नलिनीच्या आवाजातलं गाणं

कुडाळ, ८ सप्टेंबर २०२५

चि. नलिनीस दादाचे अनेक आशीर्वाद.

कान गेल्यापासून फोन माझ्या उपयोगाचा राहिला नाही, म्हणून कागद घेऊन बसलो. गणपतीत आमच्या मंडळात एक नवीन गाणं रोज वाजत होतं. अनिरुद्धने मोबाइलवर लिहून दाखवलं, बाबा, हा आत्याचा आवाज. मला ऐकू येत नव्हतं, पण ऐकणाऱ्यांची तोंडं दिसत होती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मागे कोरसमध्ये उभी राहिलीस, आता एकटी गायलीस आणि दादाला कळवलंही नाहीस? एवढी मोठी झालीस काय गो? मी वाडीत पेढे वाटले. तुझ्या लेकीला, श्वेताला वहिनीने विचारलंय.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून,
दशरथदादा

बोरीवली, १५ सप्टेंबर

ती. दादास सा. न.

पेढ्यांचं वाचून लगेच लिहायला बसले. ते गाणं मी गायलेलं नाही, दादा.

गेल्या वर्षी अंधेरीच्या एका स्टुडिओत बोलावलं होतं. गाणं नव्हतंच. सूर, अक्षरं, नुसते आकार, हसणं, असं काय काय रेकॉर्ड केलं. स्टुडिओवाला श्रेयस म्हणाला, आवाजांच्या लायब्ररीसाठी. मी त्याच्या कागदावर सही करून मोकळी झाले. आता कॉम्प्युटरला चाल आणि शब्द दिले की तो माझ्या आवाजात गातो. कोरसही तोच गातो, हव्या तेवढ्या नलिनी उभ्या करून. होळीनंतर मला बोलावणं नाही, बरोबरच्या बायकांनाही नाही.

श्वेताने गाणं लावलं तेव्हा मी भाजी चिरत होते. वाटलं, हे मी कधी गायलं? श्वास माझाच होता, पण मी घेतला नसता अशा जागी घेतलेला.

श्रेयसला जाऊन भेटले. त्याने चहा दिला. म्हणाला, ताई, घरबसल्या तुमचा आवाज हिट झालाय, खूश व्हा ना. त्याच्याकडेही आता वादक येत नाहीत. तोही स्टुडिओची जागा सोडतोय.

वाडीत काही बोलू नकोस.

तुझी,
नलू

कुडाळ, २४ सप्टेंबर

चि. नलूस आशीर्वाद.

वाडीत सांगितलं. खोटं मिरवणं मला जमत नाही. पण कुणाला पटलं नाही. म्हणतात, नलिनीचाच आवाज, तिला उगाच लाज वाटते. तू वकिलाला भेट. आणि लोकांसमोर उभी राहून गा, तिथे मशीन कुठून येणार? माझे कान असते तर मी फरक ओळखला असता, असं लिहिणार होतो. ओळखला असता का, देव जाणे.

काळजीत असलेला,
दादा

बोरीवली, ९ ऑक्टोबर

ती. दादास सा. न.

वकिलाने माझी सही बघितली आणि काही होणार नाही म्हणाला.

तुझं ऐकून मुलुंडला गेले होते. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमासाठी गायिका हवी होती. कार्यक्रम बसवणाऱ्या सुबोधने तेच गाणं म्हणायला सांगितलं, लोक मागतातच म्हणे. गायले, दादा. किती तरी दिवसांनी गळा मोकळा करून. तबलेवाला हात थांबवून ऐकत होता. सुबोध म्हणाला, बाई, आवाज गोड आहे, पण ओरिजिनलच्या जवळ जात नाही. मी पर्स घेतली आणि निघाले.

आता घरातही गुणगुणत नाही. श्वेताला सांगितलंय, घसा बसलाय. तुला कुणी विचारलं, तर तूही तेच सांग.

माया आहे तशीच असू दे.
नलू