बारा शून्यं

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

आली एकदाची! वेदिका आज मैदानावर आली. सात वर्षांपूर्वी शाळेच्या खो-खो संघात माझ्याच हाताखाली होती, आता फिजिओथेरपिस्ट झालीय आणि मलाच शिकवते! म्हणे, थंडीत मुलींना थेट पळवायचं नाही. आधी पंधरा मिनिटं अंग गरम करायचं — एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न वळवता अलगद उतरणं. मुरगळलं तर तेल लावून चोळायचं नाही, बर्फ लावायचा. मी वीस वर्षं चोळतच आलेय! गेटवरचा रसवंतीवाला रोज बर्फ द्यायला तयार झाला.

आणि एक वही. सराव संपला की प्रत्येकीने आपल्या नावापुढे लिहायचं, आज किती दुखतंय — शून्य ते दहा. आकडा तीनच्या वर गेला की बाहेर बसायचं. हा नियम मी घातला, ठणकावून. तीस तारखेला जिल्हा स्पर्धा आहे, लाड चालणार नाहीत.

१३ नोव्हेंबर

बारा मुली, बारा शून्यं!

१९ नोव्हेंबर

अजून शून्यंच! दरवर्षी या दिवसांत निम्मा संघ लंगडत असतो. वही स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवली. चित्रकलेच्या यादव सरांना तर तीनदा बघावी लागली, बिचारे.

आणि सृष्टी काय पळतेय! पंधरा वर्षांची माझी कॅप्टन, सायखेड्याहून पहाटेच्या एसटीने येते. तिच्याबरोबर मीही रेषेच्या कडेने ओरडत पळते. राज्य स्पर्धा दिसायला लागलीय मला!

मुलींना आज माझी जुनी गोष्ट पुन्हा सांगितली — गुडघा टम्म सुजलेला, तरी फायनल खेळले आणि जिंकून दिली. डोळे मोठे करून ऐकतात. मला सांगायला आवडतं, खोटं कशाला बोलू.

२४ नोव्हेंबर

वेदिकाने वही चाळली. मी शाबासकीची वाट बघत होते. ती म्हणाली, "मॅडम, बारा मुली, दोन आठवडे, आणि कुणाचं काहीच दुखलं नाही?" मला रागच आला.

मग तिने एकेकीला एका पायावर दहा उड्या मारायला लावल्या. सृष्टीने डाव्या पायावर दोन मारल्या आणि खांब धरला. वेदिकाने तिच्या नडगीवर अंगठा टेकवला, तशी पोर कळवळली. तीन आठवड्यांपासून दुखतंय! वहीत शून्य.

का नाही सांगितलंस, म्हणून विचारलं.

"तीनच्या वर गेलं का बाहेर बसवता ना मॅडम. आन तुम्ही तर सुजलेल्या गुडघ्यावर खेळल्या. मला तर सूज बी नाय."



२५ नोव्हेंबर

एमआरआय झाला. हाडावर ताण आलाय, तडा नाही! अशीच पळत राहिली असती तर गेला असता, डॉक्टर म्हणाले. सहा आठवडे पळणं बंद, मग हळूहळू पूर्ववत. म्हणजे रविवारच्या स्पर्धेत सृष्टी नाही. रिक्षात ती रडली, मीही रडले. पण वाचली गं पोर!

२६ नोव्हेंबर

मुलींना गोल बसवलं आणि त्या गोष्टीचा उरलेला भाग सांगितला. त्या फायनलनंतर मी पुन्हा कधीच खेळले नाही. बावीस वर्षं जिना उतरताना कठडा धरते. रेषेच्या कडेने पळते त्या रात्री गुडघा ठणकतो. हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

जी बाहेर बसेल तिची संघातली जागा जाणार नाही, हेही सांगितलं. मग वहीत सगळ्यांच्या खाली माझं नाव लिहिलं. पुढे आकडा — सात. वही खांबाजवळ ठेवून निघून आले.

२७ नोव्हेंबर

बारा मुली — एकही शून्य नाही! सृष्टी धरून तिघी तीनच्या वर. उरल्या नऊ, आणि मैदानात उतरायला बरोब्बर नऊच लागतात!!

माझ्या साताखाली सृष्टीचं अक्षर: "मॅडम, तीनच्या वर. रविवारी तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. पळायचं नाय."